कोंब सोलणाऱ्या मावशी

केजच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा मी बी.एड. करून कुठल्यातरी शाळेला लागणार असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेवढ्यात आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात टिश्यू कल्चरची लॅब निघाल्याचं कळलं. मुलाखतीला आम्ही तिघीच होतो. त्यातल्या दोघींना रोज येणं-जाणं जमणार नव्हतं, म्हणून मला घेतलं.

लॅब म्हणजे पूर्वीचं बारदान्याचं गोदाम. आत फरशी घातली होती, भिंतींना पांढरा ऑइलपेंट दिला होता आणि मधे काचेची दारं लावून तीन खोल्या केल्या होत्या. पहिल्या खोलीत बाटल्या धुवायच्या, मिडिया करायचा आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या माणसाएवढ्या उंच प्रेशर कुकरमध्ये तो निर्जंतुक करायचा. मिडिया म्हणजे क्षार, साखर आणि थोडी संप्रेरकं घातलेलं पाणी. ते अगर नावाची भुकटी घालून जेलीसारखं घट्ट करायचं. दुसऱ्या खोलीत गाळलेल्या हवेखाली बसून उसाचे कोंब कापायचे. तिसऱ्या खोलीत रॅकवर ट्यूबलाइटखाली बाटल्या ठेवायच्या. तिथे एसी चोवीस तास चालायचा, त्यामुळे कारखान्यातले लोक काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत डोकावायचे.

हा सगळा खटाटोप बेण्यासाठी होता. सभासदांच्या उसात गवताळ वाढीचा रोग फार झाला होता. उसाच्या बेटातून जाड ऊस यायच्याऐवजी पांढरट गवतासारखे फुटवे यायचे. रोग बेण्यातूनच पसरत होता, म्हणून बेणंच नवं हवं होतं. लॅबचे प्रमुख, आमचे साहेब, पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, "रोगाचा जंतू झाडाच्या नळ्यांमधून फिरतो. कोंबाच्या अगदी टोकावरच्या पेशी इतक्या नवीन असतात की त्यांच्यात अजून नळ्या तयार झालेल्या नसतात. रोग तिथे पोचत नाही. आपण तेवढंच टोक काढायचं."

तेवढंच टोक म्हणजे अर्धा मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याहून लहान, पारदर्शक, घुमटासारखं. उसाचा शेंडा घ्यायचा, एकावर एक गुंडाळलेल्या पानांची आवरणं सोलत आत जायचं, शेवटची चिमुकली पानं दुर्बिणीसारख्या मायक्रोस्कोपखाली सुईनं बाजूला करायची आणि तो घुमट अलगद उचलून मिडियावर ठेवायचा. मी दिवसभरात वीस शेंडे सोलायचे, त्यातले पंधरा चिरडून टाकायचे. उरलेल्या पाचांपैकी एखादा हिरवा व्हायचा.

लॅब सुरू होऊन चार महिने झाले असतील, तेव्हा मावशी आल्या. नांदूरघाटच्या बाजूच्या. वय चाळिशीच्या आसपास, कपाळावर गोंदण, अंगानं काटक. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. आदल्या हंगामात नवरा ट्रकवर मोळ्या चढवताना खाली पडला आणि त्याची कंबर कामातून गेली. एकट्या बाईला टोळीत कोणी धरत नाही, म्हणून त्या कारखान्यावर झाडलोटीचं काम मागायला आल्या होत्या. त्यांना आमच्याकडे बाटल्या धुवायला दिलं.

त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना मावशी. पहिले दोन आठवडे आमचं बोलणं बाटल्यांपुरतंच. एक दिवस मी बाहेरच्या खोलीत शेंडे सोलत बसले होते. वरची जाड पानं आम्ही तिथेच काढायचो. मावशी हातातला ब्रश ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"ताई, तुमी उलट्या अंगानं सोलायलात."

"म्हणजे?"

"पानाची एक कड वर असती, एक खाली. वरची कड धरायची. मंग ते आपुआप सुटतंय. तुमी खालची कड वढायलात म्हून आतलं मोडायलंय."

मी शेंडा त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो बोटात फिरवला, नखानं कड शोधली आणि पान सोडवलं. मग शेंडा अर्धा वळवून पुढचं पान, पुन्हा अर्धा वळवून त्याच्या पुढचं. उसाची पानं समोरासमोर, एकाआड एक येतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती. सोलताना मात्र ते माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. मावशींनी दहा शेंडे माझ्यापुढे मांडले, एकही मोडला नव्हता.

मी साहेबांना सांगितलं. ते आधी हसले. मग बाहेर येऊन त्यांनी मावशींचं काम पाहिलं आणि म्हणाले, "यांना आत बसवून बघू."

आत बसायचं म्हणजे पांढरा कोट, टोपी, तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट. मावशींच्या हिरव्या बांगड्यांचा प्रश्न आला. साहेबांना सांगायला अवघड वाटत होतं, म्हणून मीच सांगितलं. मावशींनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्यावर रबर चढवलं आणि म्हणाल्या, "एवढ्यानं भागंल का?" भागलं. महिन्याभरात त्या माझ्या दुप्पट टोकं काढू लागल्या, आणि त्यातली निम्मी जगायची.

त्यांना काम आलं, पण आपण काय कापतो हे माहीत नव्हतं. त्यांनी एकदा सरळच विचारलं, "ह्ये पेशी-पेशी काय म्हणता तुमी सारखं?" त्या दिवशी दुपारी मी उसाच्या कांड्याचा ब्लेडनं पातळ काप घेतला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मोठा मायक्रोस्कोप लावून दिला. मावशींनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग चित्र जुळलं.

"मधाच्या पोळ्यावानी हाय," त्या म्हणाल्या.

"एकेक खोली म्हणजे एक पेशी. ऊस असल्या खोल्यांचाच बनलाय. पानही, मूळही. तुम्ही-मीसुद्धा. फक्त आपल्या पेशींना अशी कडक भिंत नसते."

"मंग ह्येच्यात साखर कुठं हाय?"

मी सांगितलं, की प्रत्येक खोलीच्या मधे पाण्याची एक मोठी पिशवी असते. तिला पुस्तकात रिक्तिका म्हणतात, पण ती रिकामी नसते. पानात उन्हावर तयार झालेली साखर खाली येते आणि ह्या पिशव्यांमध्ये साठते. बाकीचा पेशीचा जीव भिंतीला चिकटून, कडेकडेनं असतो.

मावशींनी पुन्हा डोळा लावला. "म्या समजत होते, ऊस आतून नळीवानी आसंल, अन् रस भरलेला आसंल. मंग कारखान्यात ह्या समद्या खोल्या फोडत्यात व्हय?"

"हो. भिंती फुटल्या की पिशव्या फुटतात आणि रस बाहेर येतो."

"म्हंजी बगॅस म्हंजे निस्त्या भिंती."

तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकून मला हे कधी सुचलं नव्हतं. कारखान्यामागे रस काढून उरलेल्या चोयट्यांचा, त्याच बगॅसचा, डोंगर होता, रोज त्याच्या कडेने मी यायचे.

केंद्रकाची गोष्ट त्यांना पटायला वेळ लागला. मी रंग लावून पेशीतला तो गडद ठिपका दाखवला आणि म्हटलं, की अख्खा ऊस कसा व्हायचा ते सगळं ह्या एका ठिपक्यात लिहिलेलं असतं, आणि ते प्रत्येक पेशीत असतं. मावशींनी लगेच अडवलं. "समद्यात आसंल तर आपुन ही वरचीच कावून काढतो? खालच्या कांड्यातली घ्यावी की." मला नीट सांगता येईना. आम्ही साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "लिहिलेलं सगळ्यांत असतं, पण खालच्या पेशींनी आपापली कामं धरलीत. कोणी पाणी वाहते, कोणी साखर साठवते. त्यांनी बाकीचं वाचणं थांबवलंय. वरच्या अजून कुठल्याच कामाला लागलेल्या नाहीत, नुसत्या एकीच्या दोन होत राहतात. म्हणून त्या आपल्याला सोप्या." मावशींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "साहेबाला कळतंय सांगायला."

पहिली रोपं बाटलीतून काढायची वेळ आली, तेव्हा मात्र साहेब रजेवर होते आणि ते काम मी अंगावर घेतलं. एप्रिल महिना होता. बाटलीत बोटभर उंचीची, मुळं फुटलेली, हिरवीगार रोपं. मी ती धुतली, कोकोपिटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावली, पाणी दिलं आणि शेडनेटखाली ठेवली. दुपारी दोनला जाऊन पाहिलं तर सगळी माना टाकून पडली होती. संध्याकाळपर्यंत वाळली. मुळाशी भुसा ओलाच होता.

मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी कॉलेजातलं एक प्रात्यक्षिक आठवलं. वाळलेल्या रोपाच्या पानाला नखाला लावायचं पॉलिश लावलं, ते सुकल्यावर सोलून काढलं आणि त्याचा ठसा मायक्रोस्कोपखाली ठेवला. शेजारी बांधावरच्या ज्वारीच्या पानाचा ठसा ठेवला. पानाला असंख्य बारीक तोंडं असतात, आणि प्रत्येक तोंडाच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. त्या पाण्यानं फुगल्या की तोंड उघडतं, पाणी कमी झालं की त्या ढिल्या पडतात आणि तोंड मिटतं. ज्वारीची तोंडं दुपारी घट्ट मिटलेली होती. आमच्या रोपांची वाळून मेल्यावरही उघडीच होती. त्यांचा जन्म बाटलीतल्या दमट हवेत गेला होता, मिटायची वेळच कधी आली नव्हती.

मावशींनी दोन्ही ठसे पाहिले. "मंग एकदम नगं उन्हात. थोडं थोडं दावू," त्या म्हणाल्या. पुढच्या तुकडीसाठी आम्ही बांबूच्या कमानी करून प्लास्टिकचा बोगदा केला. आठ दिवस पूर्ण बंद, मग रोज वीतभर उघडायचा. नवी पानं आली ती तोंडं मिटायला शिकलेली होती. त्या तुकडीतली बहुतेक रोपं जगली.

त्यानंतर पावसानं दगा दिला. एक वर्ष कसंबसं गेलं, दुसऱ्या वर्षी माजलगावचं धरण मृतसाठ्यावर आलं आणि कालव्याला पाणी सुटलंच नाही. उभे ऊस जागेवर वाळले. थोडेफार हिरवे होते ते लोकांनी तोडून चारा छावण्यांना दिले. कारखान्याचं बॉयलर त्या वर्षी पेटलं नाही. ज्या सभासदांनी आमच्याकडे रोपं मागितली होती, ते एकेक करून येऊन नको म्हणून सांगून गेले. त्यात त्यांची काही चूक नव्हती. प्यायला टँकर येत होता, लावण कुठून करणार?

साहेबांना त्यांच्या गावाकडे दुसरी नोकरी मिळाली. जाताना ते मला म्हणाले, "बाकी सगळं गेलं तरी चालेल, मूळ बाटल्या सांभाळ." मूळ बाटल्या म्हणजे पहिल्या टोकांपासून वाढवलेल्या, रोगमुक्त म्हणून तपासून घेतलेल्या ऐंशी बाटल्या. मी कार्यकारी संचालकांना जाऊन भेटले. ते म्हणाले, लॅब बंद झालीच आहे, पण एक खोली आणि एक एसी चालू ठेवायला हरकत नाही, माणूस मात्र एकच ठेवता येईल. म्हणजे मी. मावशींना काम राहिलं नाही.

दिवाळीनंतर त्या भावाच्या टोळीत कर्नाटकात तोडीला गेल्या. नवऱ्याला बरोबर नेलं, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसून राहायला. जाण्याआधी लॅबमध्ये येऊन त्यांनी सगळ्या सुया आणि चिमटे पुसून कागदात गुंडाळून ठेवले.

मी मिडियाची ताकद निम्म्यावर आणली आणि एसी अठरावर ठेवला, म्हणजे रोपं हळू वाढतील आणि बाटल्या वारंवार बदलाव्या लागणार नाहीत. तीन महिने ठीक गेले. फेब्रुवारीत बाटल्या बदलायची वेळ आली. त्या आठवड्यात व्होल्टेज फार कमी होतं. ऑटोक्लेव्हचा काटा हव्या त्या दाबापर्यंत चढेना. दिवसाला दोन घागरी पाणी मिळत होतं, ते मी आत ओतून बसले होते. ते वाया घालवून पुन्हा सुरुवात करायचं जिवावर आलं. काटा जवळपास पोचलाय, एवढं चालेल, असं मी ठरवलं आणि मिडिया वापरला.

पाचव्या दिवशी बाटल्यांमध्ये पांढरा कापूस दिसला. बुरशी. तिच्याही पेशीच, आणि त्यांना आमची साखर उसापेक्षा जास्त मानवत होती. दहा दिवसांत ऐंशीतल्या एकोणसत्तर बाटल्या गेल्या. उरलेल्या अकरा तपकिरी पडत चालल्या होत्या. मी कोणाला सांगितलं नाही. विचारणारंही कोणी नव्हतं.

मार्चअखेर मावशी परत आल्या. उजव्या अंगठ्याला कोयत्याचा वार लागून पट्टी बांधली होती. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, काट्याचंही. त्यांनी रॅककडे पाहिलं, एक बाटली उचलून उजेडात धरली, परत ठेवली.

"परत काढावी लागतील टोकं."

"शेंडे आणायचे कुठून? आख्ख्या तालुक्यात हिरवा ऊस नाही."

"छावणीत येतोय की. ट्रकनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही वडापच्या जीपनं केजकडच्या एका चारा छावणीवर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये जनावरं बांधलेली, मधे उसाचा ढीग, आणि लोक आपापल्या वाट्याचा ऊस कोयत्यानं तोडून बैलांपुढे टाकत होते. ऊस बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेला, दोन-तीन जातींची भेसळ. मला त्यात काही ओळखू येत नव्हतं. मावशी ढिगाभोवती फिरल्या. एकेका उसाच्या कांड्यावरचा डोळा बघायच्या, पानाच्या देठावरून बोट फिरवून टोचणारी बारीक कूस आहे का पाहायच्या. "ही आपली जात. ह्याला कूस न्हाई, अन् डोळा चपटा हाय." एक बाई दोन गायींपुढे ऊस टाकत होती. मावशी तिच्यापाशी गेल्या.

"बाय, ह्येच्यातली वरची वाढी आमाला देता का? चाळीसेक लागतील."

"वाढ्याचं काय करता? जनावर हाय का?"

"न्हाई. बेणं करायचंय."

"वाढ्याचं कुठं बेणं होतंय?" ती बाई म्हणाली.

"हुतंय. टोकाचं हुतंय. बदल्यात तुमचा खालचा ऊस आमच्या हातानं तोडून देऊ."

मावशींनी तिचा त्या दिवसाचा सगळा ऊस तोडून दिला, अंगठ्याला पट्टी असताना. मी वाढी, म्हणजे वरचे शेंडे, ओल्या पोत्यात बांधले. दुपारी चारपर्यंत आम्ही लॅबवर परत आलो होतो.

त्या बेचाळीस शेंड्यांवर मावशींनी दोन दिवस काम केलं. अंगठा धड वाकत नव्हता, म्हणून सुई तर्जनी आणि मधल्या बोटात धरायच्या. मी मिडिया केला. या वेळी काटा चढेपर्यंत थांबले, व्होल्टेजसाठी पहाटे उठून. बेचाळीस टोकांतली पहिल्या आठवड्यात बरीचशी काळी पडली. कापलेल्या जागेतून पेशींचा रस बाहेर येतो, हवेनं काळा होतो आणि त्यातच टोक मरतं. जी तग धरून होती ती मावशी दर दोन दिवसांनी नव्या मिडियावर उचलून ठेवत होत्या. शेवटी सहा उरली. सहाही हिरवी झाली. महिन्यानं फुटवे आले, ते वेगळे केले, त्यांना पुन्हा फुटवे आले. तपासणीला पाठवलेले नमुने रोगमुक्त निघाले.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी धरणात पाणी आलं. सभासद बेणं मागायला लागले तेव्हा आमच्याकडे द्यायला रोपं होती. सहा टोकांपासून झालेली ती रोपं बऱ्याच गावांत गेली.

मावशींना कारखान्यानं परत घेतलं, रोजंदारीवर, हेल्पर म्हणून. कायम करायला सातवी पासचा दाखला लागत होता आणि त्या दुसरीत शाळा सोडलेल्या. मी दोनदा अर्ज लिहून दिला. संचालक मंडळाच्या बैठकीत विषय आला आणि पुढे ढकलला गेला, असं मला शिपायानं सांगितलं. मावशींनी नव्या चार मुली तयार केल्या. त्यातल्या दोघी पदवीधर होत्या आणि कायम झाल्या.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एक दिवस मावशी म्हणाल्या, "ताई, पुढच्या पयल्या तारखेपासून म्या यीत न्हाई." शेजारच्या जिल्ह्यात केळीची खासगी लॅब निघाली होती. तिथल्या माणसानं आमच्याकडे येऊन त्यांचं काम पाहिलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

मला फार लागलं. मी म्हणाले, "इतक्या वर्षांचं सोडून चाललात?"

"तिथं हेल्पर न्हाई, टेक्निशियन म्हून घेतलंय. कागदावर लिवून दिलंय." त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखवला. मी तो वाचला. तसंच लिहिलेलं होतं. माझा राग त्यांच्यावर नव्हता हे मला हळूहळू कळलं. त्या गेल्यावर दोन वर्षांनी मीही कारखाना सोडला आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. तिथल्या मुलीनं मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाइल लावून फोटो काढला होता, तो त्यांनी मला पाठवला होता. केळीच्या पेशीत सुयांच्या जुडग्यासारखं काहीतरी दिसत होतं.

"ताई, ह्ये काय हाय? उसात न्हवतं आसलं."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि थांबा म्हटलं. कपाटातून जुनं पुस्तक काढलं, पानं चाळली. फोनवर पलीकडे मावशी मुलींना काहीतरी सांगत असल्याचं ऐकू येत होतं. पाच मिनिटांनी सापडलं. ते चुन्याच्या जातीच्या क्षाराचे स्फटिक होते, पेशी ते स्वतःच तयार करून साठवते. जनावरानं पान चावलं की तोंडाला टोचावं म्हणून, असं पुस्तकात दिलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं.

"आळूनं घसा खाजतो, त्ये ह्येच का?" मावशींनी विचारलं.

मी पान उलटलं. पुढच्या परिच्छेदात अळूचंच उदाहरण होतं.